ईपब, पीडीएफ, पेजमेकर: पुस्तकाची फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर कशी उघडायची

"ताई, फाइल उघडूनच नाही राहिली."

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या आसपास मी डीटीपीचे काम करते, आणि हे वाक्य आठवड्यातून तीनचारदा तरी कानावर येते. कधी कॉलेजातली पोरगी असते, सरांनी पाठवलेले ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, तिच्या लॅपटॉपवर उघडत नाही. कधी एमपीएससीचा अभ्यास करणारा असतो, अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर त्याच्या नोट्सच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मागच्या दिवाळीनंतर एक निवृत्त शिक्षक आले. 2003 साली छापलेल्या त्यांच्या कवितासंग्रहाची फाइल एका सीडीवर होती, छापील प्रत घरात एकच उरली होती, आणि आधी तिघांनी त्यांना सांगितले होते की फाइल करप्ट झाली, आता नाद सोडा. फाइल धडधाकट होती. ती पेजमेकर या पुस्तकाची पाने जुळवायच्या जुन्या प्रोग्रामची होती आणि त्या तिघांकडे पेजमेकर नव्हते, एवढेच.

‘करप्ट’ हा शब्द इतक्या सहज तोंडातून काढू नये असे मला मनापासून वाटते. तो ऐकला की माणूस फाइल पुसून टाकतो, आणि मग खरोखरच काही करता येत नाही. म्हणून हा लेख जरा बैजवार लिहिते आहे. मराठी फाइलच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगते: खिडकी उघडली आणि पान दिसले म्हणजे अर्धेच काम झाले. वेलांटी, रफार, जोडाक्षरे जागच्या जागी दिसली, की मग फाइल उघडली म्हणायचे.

आधी फाइल कोणत्या जातीची ते ओळखा

पहिले काम म्हणजे फाइलची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणे. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मग नावाच्या शेवटी टिंबानंतर काय लिहिले आहे ते बघा. तेच एक्स्टेन्शन. विंडोज ते सहसा लपवून ठेवते. विंडोज 11 मध्ये फोल्डर उघडून वरच्या व्ह्यू मेनूत शो, आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज 10 मध्ये ही चौकट व्ह्यू टॅबमध्येच समोर असते. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्डखाली ‘शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स’ आहे. ही खूण कायमची करून ठेवा. पुस्तकाच्या नावापुढे पीडीएफ आणि त्याच्याही पुढे ईएक्सई असे दोन शेपूट दिसले, तर तो प्रोग्राम आहे, पुस्तक नाही; उघडू नका. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल पाठवून लोकांचे मोबाइल ताब्यात घेतल्याचे प्रकार आपल्याकडे झालेच आहेत. पुस्तकाच्या नावानेही तेच करता येते.

पण एक्स्टेन्शन खोटेही असू शकते. कुणीतरी नाव बदलताना शेपूट उडवतो, कुणी भलतेच लावतो. अशा वेळी मी एक जुनी युक्ती करते. प्रतीवर राईट-क्लिक करून ओपन विथमधून नोटपॅड निवडा, एकदाच उघडण्यापुरते. पडद्यावर सगळा कचरा दिसेल, त्याने घाबरू नका. मोठ्या फाइलला वेळ लागेल, थांबा. आपल्याला फक्त पहिली ओळ वाचायची आहे.

टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे इंग्रजी पी, डी, एफ दिसले, तर नाव काहीही असो, ती पीडीएफ आहे. सुरुवातीला पी आणि के ही दोनच अक्षरे असतील तर फाइल झिपच्या जातीची आहे. झिपची रचना करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे. ईपब आतून झिपच असते, त्यामुळे तिचीही सुरुवात पी-केने होते, पण त्याच ओळीत थोडे पुढे ‘माइमटाइप’ आणि ‘ईपब’ हे शब्द सरळ वाचता येतात. ते आपोआप तिथे आलेले नाहीत. ईपबच्या नियमातच आहे की ही ओळख फाइलमध्ये सर्वांत पहिली ठेवायची आणि दाबून बारीक करायची नाही. सुरुवातीच्या काही अक्षरांनंतर ‘बुकमोबी’ दिसले तर ती मोबी, म्हणजे अॅमेझॉनच्या किंडलच्या घराण्यातली. ‘एटी अँड टी’ दिसले तर डीजेव्हीयू (स्कॅन केलेल्या पानांची एक पद्धत), कारण ती पद्धत त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

आणि पहिल्याच ओळीत एचटीएमएल असा शब्द दिसला तर समजा की पुस्तक उतरलेच नाही. डाउनलोडची लिंक संपलेली असते, त्यामुळे पुस्तकाऐवजी वेबसाइटचे लॉगिनचे पान पीडीएफच्या नावाने सेव्ह होते. हे मी फार वेळा पाहिले आहे. फाइल अर्धवट उतरली असेल तर आकारावरून कळते: पाठवणाऱ्याकडे 18 एमबी आणि आपल्याकडे 3 एमबी, तर पुन्हा उतरवून घ्या. नोटपॅड बंद करताना ‘सेव्ह’ विचारले तर नाही म्हणा, नाहीतर ती प्रत खरोखरच बिघडेल.

पीडीएफ: उघडते सगळीकडे, दिसते मात्र नाही

पीडीएफ अॅडोबीने 1993 मध्ये आणली आणि 2008 पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे उघडण्याची अडचण आता उरलेली नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी कुठल्याही ब्राउझरच्या खिडकीत फाइल ओढून सोडा. मॅकवर प्रिव्ह्यू असतो, उबुंटूवर डॉक्युमेंट व्ह्यूअर असतो. कॉम्प्युटर जुना आणि पुस्तक जड असेल तर विंडोजवर सुमात्रा पीडीएफ घ्या. ते फुकट आहे, अगदी हलके आहे, आणि त्याची पोर्टेबल आवृत्ती पेन ड्राईव्हवरूनच चालते. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. चित्रांमुळे ती जड असतात, आणि चार जीबी रॅमच्या घरगुती मशीनवर सुमात्रामध्ये पान उलटताना अडखळत नाही.

खरा घोळ अक्षरांचा. अभ्यासिकेतल्या त्या पोराला चौकोन का दिसत होते? पीडीएफ बनवताना फाँट फाइलच्या आत भरता येतो. भरला असेल तर ती फाइल तुळशीबागेत उघडा नाहीतर टोकियोत, सारखीच दिसते. भरला नसेल तर समोरच्या कॉम्प्युटरवर तोच फाँट असावा लागतो. नसेल तर चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा कचरा.

हे तपासायला अॅडोबी रीडरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि डी दाबा, वरच्या फाँट्स टॅबमध्ये जा. प्रत्येक फाँटच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असेल तर फाँट आत आहे. लिनक्सवर ओक्युलर किंवा डॉक्युमेंट व्ह्यूअरच्या प्रॉपर्टीजमध्येही ही यादी मिळते. मराठी फाँटच्या पुढे काहीच लिहिलेले नसेल, तर ज्याने फाइल पाठवली त्याला फाँट एम्बेड करून पुन्हा पीडीएफ करायला सांगा. तो माणूस सापडत नसेल तर यादीतल्या फाँटचे नाव लिहून घ्या आणि तोच फाँट मशीनवर टाका. दुसरा इलाज नाही.

दुसरा प्रकार असा, की पान सुंदर दिसते, पण शोध घेतला की एकही शब्द सापडत नाही. याचे कारण आपल्या भाषेच्या छपाईच्या इतिहासात आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचे वेगळे घर देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही बरीच वर्षे, आपण श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये काम केले. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द आहे असे आपल्याला दिसते, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरे असतात. म्हणून कॉपी करून दुसरीकडे चिकटवले की तीच पाच अक्षरे येतात. नुसते वाचायचे असेल तर अशी पीडीएफ उत्तम, काही करू नका. मजकूर हवा असेल तर त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधूनही मजकूर कॉपी करताना कधी कधी वेलांट्या इकडेतिकडे उड्या मारतात, कारण पीडीएफ शब्द जपत नाही, कागदावर कोणता आकार कुठे बसवायचा ते जपते. तेव्हा ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून राईट-क्लिक, ओपन विथ, गूगल डॉक्स करा. गूगल पानाचे चित्र वाचून मजकूर बाहेर काढतो. स्वच्छ छपाई असेल तर मराठी चांगले निघते, पण मुद्रितशोधन टळत नाही.

ईपब: विंडोजला जी उघडता येत नाही

ईपबमध्ये पाने नसतात. आत धड्याधड्याच्या वेगळ्या फाइली असतात, वेबसाइटसारख्या, आणि पडदा जेवढा असेल तेवढ्यात मजकूर वाहत बसतो. अक्षर मोठे करा, ओळी आपोआप पुन्हा जुळतात. डोळे अधू झालेल्या वाचकासाठी यापेक्षा चांगली सोय नाही, म्हणून पुस्तक ईपबमध्ये मिळत असेल तर मी आईबाबांच्या वयाच्या माणसांना तेच घ्यायला सांगते.

अडचण अशी की विंडोजमध्ये ईपब उघडायला सोबत काही येत नाही. जुन्या एजमध्ये ती सोय होती, मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये काढून टाकली. ‘एजमध्ये उघडा’ हा सल्ला अजून फिरतो, पण आता तो चालत नाही. त्यामुळे डबल-क्लिक केले की विंडोज उलट विचारते, हे कशात उघडू? तिथे वर्ड किंवा नोटपॅड निवडू नका. त्याऐवजी यांपैकी एक करा.

नुसते वाचायचे असेल तर थोरियम रीडर. पॅरिसच्या ईडीआरलॅब या संस्थेने केलेले, फुकट, जाहिराती नाहीत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. त्यांच्या वेबसाइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, उघडा, अधिकच्या खुणेवर क्लिक करून फाइल निवडा, किंवा फाइल सरळ खिडकीत ओढा. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारखे, पडद्यावरचे वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरतात, त्यांच्यासोबत ते नीट चालावे याची ते करणाऱ्यांनी मुद्दाम काळजी घेतलेली आहे. तुमच्या वाचनालयात असा एकही वाचक येत असेल तर तिथल्या कॉम्प्युटरवर थोरियमच टाका.

बरीच पुस्तके सांभाळायची असतील, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायची असतील, तर कॅलिबर. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये ते सुरू केले आणि आजही तेच सांभाळतात. आताच्या आवृत्तीला 64 बिटचे विंडोज 10 किंवा पुढचे लागते. जुन्या मशीनसाठी जुन्या आवृत्त्या त्यांच्याच वेबसाइटवर ठेवलेल्या आहेत. पहिल्यांदा उघडताना कॅलिबर लायब्ररीसाठी एक फोल्डर विचारते. ‘अॅड बुक्स’ करून टाकलेल्या प्रत्येक पुस्तकाची नवी प्रत ते त्या फोल्डरमध्ये करते, त्यामुळे पुस्तक दोन ठिकाणी दिसले तर गोंधळू नका. लायब्ररीची गरज नसेल तर कॅलिबरसोबत ‘ई-बुक व्ह्यूअर’ नावाचा वेगळा प्रोग्रामही बसतो, त्यात फाइल थेट उघडा.

सुमात्रामध्येही ईपब उघडते. पण मराठी पुस्तकात जोडाक्षरे तुटलेली वाटली तर तिथे वेळ घालवू नका, थोरियमकडे या.

मॅकवाल्यांचे काम सोपे आहे. ईपबवर डबल-क्लिक केले की बुक्स अॅपमध्ये पुस्तक उघडते आणि तिथल्या लायब्ररीत जमा होते. लिनक्सवर फोलिएट घ्या, ते ईपबसोबत मोबीही उघडते. ओक्युलर आधीच असेल तर तेही चालेल.

आता अक्षरांची परीक्षा. मी प्रत्येक नव्या मशीनवर पुस्तकातले तीन प्रकारचे शब्द शोधून बघते: ‘विठ्ठल’, ‘मूर्ती’ आणि ‘वऱ्हाड’. विठ्ठलमध्ये पहिली वेलांटी ‘व’च्या आधी दिसते का आणि ‘ठ्ठ’ जुळते का. मूर्तीत रफार ‘ती’च्या डोक्यावर बसतो का. आणि वऱ्हाडमध्ये ‘ऱ्ह’ कसा दिसतो. तिथे ‘र’ची ती आडवी, पापणीसारखी खूण हवी. फाँट किंवा प्रोग्राम कच्चा असेल तर तिच्याऐवजी ‘ह’वर रफार चढतो आणि ‘वर्हाड’ होते. ही खूण आपल्या भाषेत फार लागते, दुसऱ्या, कोपऱ्यात, सुऱ्या, पण हिंदीत ती लागत नाही. म्हणून हिंदीसाठी तपासलेले प्रोग्राम नेमके इथे चुकतात. विदर्भातल्या माणसाला स्वतःच्या प्रदेशाचे नाव चुकीचे दिसलेले सहन होऊ नये.

चूक दिसली तर आधी रीडरच्या सेटिंग्जमध्ये फाँट बदला. विंडोजवर निर्मला यूआय असतोच. जुना मंगल हवा असेल तर विंडोज 10 पासून तो वेगळा घ्यावा लागतो: सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा आणि त्यातून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ बसवा. गूगल फाँट्सवरचे नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता आणि टिरो देवनागरी मराठी हे फुकट आहेत. शेवटचा खास मराठी वळणाचा आहे. त्यातले ‘ल’ आणि ‘श’ आपण शाळेत गिरवले तसे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. लांबलचक कादंबरी वाचायची तर मी तोच लावते.

काहीच इन्स्टॉल करता येत नसेल तेव्हा

कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, ऑफिसचे मशीन. तिथे अॅडमिनचा पासवर्ड नसतो आणि ईपब आत्ता वाचायची असते. ईपब आतून झिप आहे हे इथे कामाला येते.

प्रतीचे नाव बदला आणि शेवटचे ईपब खोडून झिप लिहा. विंडोज इशारा देईल, हो म्हणा. मग राईट-क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. तयार झालेल्या फोल्डरमध्ये आणखी दोन फोल्डर दिसतील. ‘मेटा-इन्फ’ सोडून द्या, दुसऱ्यात जा; त्याचे नाव बहुधा ओईबीपीएस किंवा नुसते ईपब असते. आत एक्सएचटीएमएल फाइलींची रांग असेल, एकेक धडा एकेका फाइलीत. ‘नॅव्ह’ नावाची फाइल असेल तर ती आधी ब्राउझरमध्ये उघडा. ती अनुक्रमणिका आहे, तिच्यावर क्लिक करत गेले की धडे क्रमाने उघडतात. कंट्रोल आणि अधिक दाबले की अक्षर मोठे होते. वाचून झाले की ते फोल्डर पुसून टाका. त्याची पुन्हा झिप करून ईपब करायला जाऊ नका. माइमटाइपची ओळख पहिली राहत नाही आणि मग काही रीडर फाइल नाकारतात. मूळ ईपब आपल्याजवळ आहेच.

कुलूप असलेली पुस्तके

काही पुस्तकांना नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेले असते. एसीएसएम शेपटाची, जेमतेम काही केबीची फाइल आली तर ते पुस्तक नाही, पुस्तक उचलण्याची चिठ्ठी आहे. अॅडोबी डिजिटल एडिशन्स टाका, अॅडोबीचे खाते जोडा, मग त्यात चिठ्ठी उघडा, पुस्तक तिथे उतरते. एका खात्यावर सहा उपकरणे जोडता येतात, म्हणून सायबर कॅफेच्या मशीनवर खाते जोडू नका.

किंडलवर विकत घेतलेले मराठी पुस्तक किंडलच्या अॅपमध्येच वाचायचे. बुकगंगाचे ई-बुक त्यांच्या अॅपमध्ये. कुलूप तोडून देणारे लोक आहेत. मी ते काम करत नाही, कारण त्या पुस्तकावर ज्यांचे पोट आहे अशा लेखकांबरोबर मी रोज बसते. स्वतःची, कुलूप नसलेली मोबी फाइल असेल तर कॅलिबरमध्ये टाकून ‘कन्व्हर्ट बुक्स’मधून ईपब करून घ्या, दोन मिनिटांचे काम.

स्कॅन केलेली जुनी पुस्तके

डीजेव्हीयू फाइल विंडोजवर सुमात्रात आणि लिनक्सवर ओक्युलरमध्ये उघडते. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनसोबत कधी यंत्राने आपोआप केलेली ईपबही मिळते. ती घेऊ नका. मराठी अक्षरे यंत्राने धड वाचलेली नसतात आणि पानभर अर्थहीन मजकूर येतो; लोकांना वाटते आपल्या कॉम्प्युटरचा दोष. तिथे स्कॅनची पीडीएफच घ्या. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली ईपब मात्र निर्धास्त घ्या, ज्या पुस्तकांचा मजकूर माणसांनी पानोपान तपासला आहे त्यांची.

पेजमेकर, पब्लिशर आणि इनडिझाइनच्या फाइली

आता त्या निवृत्त शिक्षकांच्या, म्हणजे सरांच्या, सीडीकडे येते. नागपूरकडच्या कित्येक दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, कवितासंग्रहांच्या मूळ फाइली आजही अशाच कुणाच्या तरी कपाटात पडून आहेत. पेजमेकर 7 हे 2001 साली आलेले शेवटचे पेजमेकर. त्या फाइलचे शेपूट पीएमडी, त्याआधीच्या 6.5चे पी65.

सीडी हातात आली की पहिल्यांदा सगळी हार्ड डिस्कवर उतरवा. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, यूएसबीचा बाहेरून लावता येतो. घाई करायची कारण घरी लिहिलेली सीडी उष्णतेने मरते, आणि नवतपाच्या भर उन्हात पत्र्याच्या खोलीचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. एक ड्राइव्ह वाचत नसेल तर दुसऱ्यात घालून बघा. सरांची सीडी तिसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली गेली. आणि फक्त पीएमडी उचलू नका, पूर्ण फोल्डर घ्या. पेजमेकरमध्ये मोठी चित्रे बहुधा फाइलच्या बाहेर असतात, आत नुसता त्यांचा पत्ता असतो. फोल्डर मोडले की चित्रे हरवतात.

नंतर फाँट. बऱ्याचदा प्रेसवाल्याने त्याच सीडीवर फाँटचे फोल्डर टाकलेले असते. नसेल तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अक्षरजुळणी कुणाची ते बघा आणि त्यांना फोन करा. हे फाँट विकतचे असतात, ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्याच मशीनवर काम उरकणे सरळ.

उघडायला तीन वाटा आहेत. ज्या प्रेसमध्ये जुने मशीन अजून चालू आहे तिथे पेजमेकरमध्येच उघडून पीडीएफ करून घ्या, पान जसेच्या तसे मिळते. दुसरी वाट म्हणजे अॅडोबीचा पाने जुळवायचा प्रोग्राम इनडिझाइन, सीएस6 किंवा त्याआधीचे. ते पेजमेकर 6 पासूनच्या फाइली उघडते, नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. तिसरी वाट फुकट आणि घरबसल्या: लिब्रे ऑफिस. त्यातले ड्रॉ उघडा, फाइल, ओपन, पीएमडी निवडा. मजकुराच्या चौकटी थोड्या सरकतील, पानाची शोभा जाईल, पण मजकूर हाती लागतो. कोरल ड्रॉची सीडीआर आणि मायक्रोसॉफ्ट पब्लिशरची पब फाइलही याच ड्रॉमध्ये उघडते. पब्लिशर मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर 2026 मध्ये बंद करते आहे. तुमच्या शाळेची, मंडळाची वार्षिके त्यात असतील तर त्यांच्या पीडीएफ करून ठेवायला वेळ लावू नका.

इनडिझाइनची आयएनडीडी मात्र इनडिझाइनशिवाय सरळ उघडत नाही. पाठवणाऱ्याकडून आयडीएमएल मागा, ती स्क्रायबस या फुकट प्रोग्राममध्ये उघडते. नुसते वाचायचे असेल तर पीडीएफच मागा.

सरांचे पुस्तक आम्ही ड्रॉमध्ये उघडले. फाँट सीडीवरच होता, तो टाकल्यावर पानावर कविता दिसू लागल्या आणि सर खुर्ची पुढे ओढून बसले. मग एकेका चौकटीतला मजकूर उचलून त्याच फाँटच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. इथे जपून. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा आहे. कन्व्हर्टर हा क्रम फिरवतो आणि फिरवताना चुकतो. जोडाक्षरावरचा रफार, अनुस्वार आणि रफार एकत्र आलेली जागा, अवग्रह, आणि पुन्हा तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, या जागा डोळ्यांत तेल घालून बघायच्या. कवितेत आणखी एक: कन्व्हर्टर ओळी जोडून टाकतो आणि कडव्याचा गद्य परिच्छेद होतो. आम्ही दोन संध्याकाळ बसलो. सर छापील प्रतीवरून मोठ्याने वाचत होते आणि मी पडद्यावर बोट ठेवून जात होते. ‘उन्हाऱ्या’ हा त्यांचा स्वतःचा शब्द चार ठिकाणी मोडला होता. त्यांच्या वाचनाशिवाय तो मला कळलाच नसता.

तुम्ही फाइल पाठवणार असाल तेव्हा

तयार मजकूर लिब्रे ऑफिस रायटरमध्ये घेऊन दोन फाइली करा. आधी पूर्ण मजकूर निवडून भाषा मराठी करा, म्हणजे रीडरला मराठी वळणाचे आकार निवडता येतात. मग फाइल, एक्स्पोर्ट अॅज, पीडीएफ, आणि त्यात पीडीएफ-एवर खूण. या प्रकारात सगळे फाँट आत भरावेच लागतात. दुसरी त्याच मेनूतून ईपब. 2018 मध्ये आलेल्या 6.0 आवृत्तीपासून ही सोय आहे. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता द्या. मराठी नावे जुन्या मशीनवर आणि झिपमध्ये कधी कधी प्रश्नचिन्हे होऊन बसतात.

आणि ज्या कॉम्प्युटरवर फाइल तयार केली तिथे तपासून उपयोग नाही, तिथे सगळे फाँट असतातच. सरांची ईपब मी माझ्या थोरियममध्ये पाहिली, शेजारच्या मुलाच्या उबुंटूवर फोलिएटमध्ये पाहिली, आणि त्यांच्या पुण्याच्या नातीने मॅकवर उघडून पहिल्या कवितेचा फोटो पाठवला. दुसऱ्या ओळीत ‘वऱ्हाड’ होते. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला, ‘ऱ्ह’ बघितला, आणि मग सीडी मागून घेऊन पुन्हा पिशवीत ठेवली.